स्कोप नसलेल्या भाषेचं देणं

ओझरच्या आमच्या क्वार्टरमधली मांडणी खोक्याच्या फळ्यांची होती. वसाहतीत बऱ्याच घरांत तशीच. मिग विमानांचे सुटे भाग रशियाहून ज्या लाकडी खोक्यांतून येत, ती रिकामी झाली की भंगारात निघत, आणि मग त्या फळ्यांचे पाट, शेल्फं, कोंबड्यांची खुराडी असं काहीबाही तयार होई. आमच्या डाळींच्या डब्यांमागे काळ्या रंगात ठसठशीत अक्षरं छापलेली होती. फळी आडवी ठोकलेली, त्यामुळे आम्ही भावंडं मान वाकडी करून ती इंग्रजी म्हणून वाचायचो: बेपक्स. बेपक्स हे बाँबचं नाव आहे, असं धाकट्या भावाचं ठाम मत होतं.

शेजारचे काका एकदा चहा पिता पिता म्हणाले, "अगं, तो बी नाही, व आहे. पी दिसतोय तो र. आणि एक्स म्हणजे ख. व्येर्ख. 'ही बाजू वर' एवढंच लिहिलंय." मग मांडणीकडे बघून म्हणाले, "तुझ्या बापानं आडवी मारली, ते सोड."

मी नंतर जी भाषा शिकले, जिच्यावर पोट भरलं आणि अजून भरतंय, तिचा पहिला शब्द मला असा भिंतीवरून मिळाला. पुढे तीन-चार माणसांचे हात लागले नसते तर तो तिथेच राहिला असता. त्या माणसांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे.

ओझरचा कारखाना 1964 चा, मिग-21 साठी उभारलेला. गावाचं नाव ओझर, पण आजही 'ओझर मिग' म्हटलं तरी लोकांना पत्ता कळतो. काका आयटीआय करून तिथे फिटर म्हणून लागले आणि पुढे इन्स्पेक्शनला गेले. ड्रॉइंगवरच्या सूचना रशियनमध्ये असायच्या, म्हणून कारखान्याने काही कामगारांना रशियनचे जुजबी धडे दिले होते. काकांना वाक्य धड बोलता येत नसे, पण वॉशरपासून पंखापर्यंत सगळ्या भागांची नावं तोंडपाठ. एका मे महिन्यात त्यांनी जुन्या ड्रॉइंगच्या कोऱ्या पाठीवर मला तेहतीस अक्षरं काढून दिली. मी आणि मैत्रीण त्या लिपीत मराठी चिठ्ठ्या लिहू लागलो. त्यात ळ लिहायची सोय नाही, ठ नाही, पण आमच्या गुपितांना तेवढं पुरेसं होतं.

बाकीचं वातावरण त्या काळात सगळ्यांचंच सारखं होतं. वह्यांना गुळगुळीत रशियन मासिकांची कव्हरं. वाचनालयात प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तकं. अनिल हवालदारांसारखे अनुवादक मॉस्कोत राहून ती मराठीत आणत, हे मला फार पुढे कळलं. 1984 च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयुझमधून गेले तेव्हा वसाहतीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. यातून कुणी रशियन शिकायला निघत नाही. शिकायचं काय याचा निर्णय घरात व्हायचा, आणि आमच्या घरी तो झालेला होता.

1988 मध्ये मी बी. ए. साठी पुण्याला आले तेव्हा वडिलांनी सांगून ठेवलं होतं की संध्याकाळी रानडेत जर्मनचं सर्टिफिकेट करायचं. रानडे म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग तिथे भरतो. वडील कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. आयुष्यभर रशियन खोकी मोजणारा माणूस मुलीला जर्मन शिकायला सांगतो, याचं मला नवल वाटलं होतं. त्यांचं उत्तर तयार होतं: "रशियनला ते लोक इथे येतात. जर्मनला आपण तिथे जातो."

नातेवाइकांत तर चारही भाषांचे भाव ठरलेले होते. जर्मन म्हणजे नोकरी. फ्रेंच म्हणजे चांगल्या घरच्या मुली. मारुतीच्या गाड्या रस्त्यावर आल्यापासून जपानीला भविष्य आलं होतं, पण लिप्याच तीन, तेव्हा 'झेपणार आहे का'. रशियन म्हणजे घरात कुणीतरी कॉम्रेड असणार. 'स्कोप' हा शब्द मी त्या महिन्यात जितका ऐकला तितका पुढे कधीच ऐकला नाही. पुण्यात जर्मनचं वजन उगाच नव्हतं, हेही मान्य केलं पाहिजे. कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून गॉटिंगेनला गेले, त्याच गॉटिंगेनने 1885 मध्ये रा. गो. भांडारकरांना डॉक्टरेट दिली, इरावती कर्वे बर्लिनला शिकल्या. या शहराला जर्मनची सवय शंभर वर्षांची आहे.

जर्मनच्या फॉर्मची रांग जिन्यापर्यंत आली होती. मी रांगेत उभी असताना एक सर बाजूने चालले होते. विद्यार्थ्यांशी बोलण्यावरून ते जर्मन शिकवतात एवढं कळलं. नाव तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायला गेले तोवर ते विभागात नव्हते. त्यांनी रांगेतल्या एकेकाला सहज विचारलं, जर्मन का? माझ्या पुढच्या मुलाने स्कोप म्हटलं. मीही स्कोप म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "दुसरी कुठली लिपी वाचता येते?" मी म्हटलं, रशियन. ते थांबले. समोरच्या फलकावर चारही भाषांतून काहीतरी लिहिलेलं होतं, त्यातली रशियन ओळ त्यांनी मला वाचायला लावली. मी अडखळत वाचली. अर्थ एका शब्दाचाही कळला नाही.

"मग या रांगेत काय करता?" ते म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या खोलीत आत्ता दुसऱ्या वर्षाचा तास चालू आहे. बाईंना सांगा मी पाठवलंय. तासभर बसा. कंटाळा आला तर परत या, फॉर्म मी ठेवतो."

स्वतःच्या वर्गाला आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडणारा शिक्षक मी नंतर पाहिलेला नाही. त्यांच्या वर्गाला विद्यार्थ्यांची वाण नव्हती हे खरं. पण वाण नसली तरी लोक सोडत नाहीत.

कोपऱ्यातल्या खोलीत एक ठेंगण्या, सुती साडीतल्या बाई फळ्याजवळ उभ्या होत्या आणि एका विद्यार्थ्याला स्वारगेटला पाठवत होत्या. म्हणजे तो वर्गातच होता, पण वाक्यात त्याला पाठवायचं होतं. "कसा चाललास? पायी की पीएमटीने?" पीएमटीने. "आत्ता निघालायस की रोज जाऊन येतोस?" रोज. "मग क्रियापद बदल." रशियनमध्ये नुसतं जाणं असं काही नसतं. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं. एका दिशेने चाललोय ते वेगळं आणि जाऊन-येऊन असतो ते वेगळं. इत्ती, खदीत, येखत, येज्दित. आणि मग त्या प्रत्येकाला पुढे उपसर्ग लागतात: आत जाणं, ओलांडून जाणं, वाटेत डोकावून जाणं. त्या मुलाला बाईंनी त्या तासात पायी, बसने, रोज, एकदाच, डेक्कनवर उतरून, लकडी पूल ओलांडून असं इतकं फिरवलं की वर्ग हसून दमला. मलाही विचारलं, "तू कुठून आलीस?" ओझरहून, म्हटलं. "पायी?" नाही, एसटीने. बाईंनी ते वाक्य रशियनमध्ये करून माझ्याकडून म्हणून घेतलं. मी जर्मनचा फॉर्म न्यायला परत गेले नाही.

बाई मॉस्कोच्या पुश्किन संस्थेत शिकून आल्या होत्या. पण त्यांच्या शिकवण्यात मॉस्को फार येत नसे; यायची ती मराठी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला पटवलं की महाराष्ट्रातल्या पोराला रशियनची निम्मी वाट आईनेच काढून दिलेली असते. चहा म्हणताना एक च, चमचा म्हणताना दुसरा; रशियनला नेमके हे दोनच हवे असतात, आणि त्यांच्यासाठी अक्षरंही वेगळी आहेत. तीन लिंगं आपल्याला पाठ करावी लागत नाहीत. हिंदीवाला नपुंसकलिंगाशी अडतो, आपण अडत नाही. विभक्त्या त्यांच्या सहा, आपण शाळेत आठ रटलेल्या. वर्तमानकाळात 'आहे' लागत नाही. 'हे पुस्तक' म्हटलं की झालं. आणि क्रिया पूर्ण झाली की नाही यावर रशियन जे दोन-दोन धातू वापरतं, त्याचा धसका इतर विद्यार्थी घेतात, तर बाई म्हणायच्या, "वाचलं आणि वाचून काढलं, यात फरक कळतो ना? मग बस खाली." सगळं काही असं सोपं नव्हतं. आघात कुठे येईल ते छापलेलं नसतं, आणि आघात सरकला की लिहिलेल्या ओचा आ होतो. 'इ' आणि 'उ'च्या मध्ये कुठेतरी घशात अडकणारा एक स्वर तर मला नीट यायला वर्ष लागलं.

नावांचा किस्सा सांगितलाच पाहिजे. रशियन माणूस आदराने हाक मारताना नावापुढे वडिलांचं नाव जोडतो, आडनाव नाही. आमच्याकडे मधलं नाव तयारच होतं, त्यामुळे वर्ग एका दिवसात रशियन झाला. एकीचं नुकतंच लग्न झालं होतं. तिने विचारलं, मधलं नाव वडिलांचं लावू की मिस्टरांचं? बाई म्हणाल्या, "रशियन व्याकरणाला नवरा माहीत नाही. लग्न झालं तरी बाप तोच राहतो." ती मुलगी पुढच्या सगळ्या उत्तरपत्रिकांवर, मराठीच्यासुद्धा, वडिलांचंच नाव लिहू लागली. तिच्या सासरी त्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

वडिलांना मी पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही, पैसे मात्र आले. काकांनी मध्यस्थी केली होती. ती कशी केली ते आईकडून कळलं: काका आमच्याकडे जेवायला बसले आणि म्हणाले, पोरगी नापास झाली तर फीचे पैसे मी देईन. वडिलांनी तो करार मंजूर केला.

दुसऱ्या वर्षी बाईंनी वर्गाला जुन्नरला नेलं. रशियन शिकायला जुन्नर का, हे आम्हाला शिवनेरीच्या पायथ्याशी कळलं. पंधराव्या शतकात त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला आणि पावसाळा त्याने जुन्नरला काढला. वास्को द गामा कालिकतला यायच्या कितीतरी वर्षं आधी. शंभर रूबल मोजून घेतलेला एक घोडा त्याने बरोबर आणला होता. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडाही देतो आणि हजार मोहराही. निकितीन हवालदिल झाला. एक खोरासानी गृहस्थ मध्ये पडला, त्याने खानाकडे रदबदली केली, आणि घोडाही सुटला आणि धर्मही. हे सगळं निकितीनच्या टिपणवहीत आहे. 'परदेसी' नावाचा 1957 चा भारत-सोविएत सिनेमा त्याच्यावरच आहे. त्यात नर्गिस होती, एवढं आम्हाला ठाऊक होतं, मागची गोष्ट नव्हती.

बाईंनी तिथे जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. "हा माणूस इथे स्कोप बघून आला होता. लोकांनी त्याला सांगितलं होतं, तिकडे माल मोप मिळतो. इथे आल्यावर तो लिहितो, मला फसवलं, आमच्या देशात नेण्यासारखं इथे काही नाही. धंदा बुडाला. घरी पोचायच्या आधी स्मोलेन्स्कजवळ वारला. मागे राहिली वही." एवढं बोलून त्या शेंगदाण्याची पुडी फिरवू लागल्या. त्यांना त्यातून काही सुचवायचं होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. पण 1991 मध्ये मला निकितीनचीच आठवण झाली.

त्या वर्षी मी अॅडव्हान्स्ड डिप्लोमाला होते. ऑगस्टमध्ये मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आले. सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालं. आमच्या पाठ्यपुस्तकातलं एक कुटुंब लेनिनग्राडला राहत असे आणि सुट्टीत आजीकडे गॉर्की शहरात जात असे. आजीचं गाव तर वर्षभर आधीच निझनी नोवगोरद झालेलं. पुस्तकात खोडायचं का, असं एकाने विचारलं. "परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहा," बाई म्हणाल्या, "पत्रात खरं लिहा." डिसेंबर संपता संपता देशच उरला नाही. पुढच्या तासाला आम्ही सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी खडू घेतला. "पुश्किन 1837 मध्ये गेला. तेव्हा सोविएत संघ होता का? नव्हता. विभक्त्या अजून सहाच आहेत. चला."

पुढच्या जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गात माणसांपेक्षा बाकं जास्त होती. पुस्तकं यायची थांबली. मीर प्रकाशनाचं इरोडोव्हचं भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन आयआयटीची तयारी करणारी मुलं जुन्या बाजारात त्याच्या प्रती शोधू लागली. माझ्यासमोर प्रश्न साधा होता: या भाषेत मला आता कोण पगार देणार?

काका पुण्याला आले ते द्राक्षांची पेटी घेऊन. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू? माझ्या शब्दावर त्यानं तुला सोडलं, आणि इथं देशच बुडाला." मला हसू येत होतं आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघून हसताही येत नव्हतं. मी त्या रविवारी त्यांच्याबरोबर ओझरला गेले. वडिलांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं. स्टोअरकीपरच्या बुद्धीने ते एवढंच बोलले: "देश बुडाला त्यात तुझा काय हात? माझ्या रॅकवर त्यांचे पार्ट आहेत. पार्ट आहेत तोवर कागद आहेत. कागद आहेत तोवर वाचणारा लागेल." चार वर्षं जर्मनचा आग्रह मनात धरून बसलेल्या माणसाच्या तोंडून रशियनची याहून चांगली वकिली मी ऐकलेली नाही.

ते बरोबर ठरलं, पण आधी दुसऱ्याच वाटेने. भारताने सोविएत संघाकडून घेतलेलं कर्ज रुपयांत फेडायचं होतं, आणि त्या रुपयांत रशिया इथून चहा, तंबाखू, औषधं उचलणार होता. 1993 च्या जानेवारीत येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा त्याचा हिशेब ठरला. मालाबरोबर कागद जाणार, कागद रशियनमध्ये हवेत. गोळ्यांच्या पाकिटातली पत्रकं, दर्जाचे दाखले, चहाच्या पेट्यांवरच्या पट्ट्या. हे काम बाईंकडे येत असे. त्या निवृत्तीला आल्या होत्या, पेन्शन बेताची असणार होती, आणि तरीही त्यांनी त्यातलं बरंचसं माझ्याकडे वळवलं. म्हणजे देशाच्या डोक्यावरचं कर्ज फिटत होतं आणि त्याच व्यवहारात माझ्या डोक्यावर नवं चढत होतं. मी पहिलं पत्रक केलं ते बाईंनी तपासून दिलं तेव्हा मूळ मजकूर शाईखाली दिसत नव्हता. समासात लिहिलं होतं: रुग्णाला चेखव्ह नकोय, डोस हवाय. चेखव्ह स्वतः डॉक्टर होता, हे मी मनातच ठेवलं. कित्येक महिने त्या माझं पान न् पान तपासत राहिल्या. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. विषय काढला की म्हणायच्या, तपासायला मला आवडतं.

त्यांनी मला ओझेगोव्हचा एका खंडातला रशियन शब्दकोश दिला होता. "ओझरच्या मुलीला ओझेगोव्ह," असं म्हणून स्वतःच्या विनोदावर त्या फार खूश झाल्या होत्या. पहिल्या पानावर त्यांनी ग्रंथालयासारखे दोन रकाने आखले होते: नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. माझ्या नावासमोर पहिला रकाना भरलेला आहे. मी दोनदा तो परत घेऊन गेले, दोन्ही वेळा त्यांनी उघडून बघितला, कुठल्या शब्दांखाली रेघा आहेत ते पाहिलं आणि "अजून अर्धाच वापरलाय" म्हणून परत हातात दिला. त्या गेल्या तेव्हा दुसरा रकाना रिकामाच होता. आता तो कोश माझ्या विद्यार्थ्यांकडे जातो. रकाने तेच. त्यांना मात्र मी परत करायला लावते.

2000 सालाच्या अखेरीस सुखोई-30 ची 140 विमानं भारतातच बनवायचा करार झाला आणि ते काम ओझरला आलं. रशियनची गरज परत निघाली. तरुण इंजिनिअरांना ड्रॉइंग वाचण्यापुरतं रशियन शिकवायला मी काही काळ नाशिकला जाऊन-येऊन होते. (येज्दित.) पहिल्या दिवशी एकाने विचारलं, रिव्हेटला काय म्हणतात? मला तुर्गेनेव्हच्या कादंबरीतल्या फुलांची नावं येत होती, रिव्हेट येत नव्हतं. संध्याकाळी निवृत्त काकांकडे गेले. ते खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. "ज़क्ल्योप्का," ते म्हणाले, आणि पुढचा तासभर मला विमान सांगत बसले, नाकापासून शेपटीपर्यंत. त्यांची विभक्ती एकही बरोबर नव्हती, आणि शब्द एकही चुकीचा नव्हता. मी वही काढून लिहून घेतलं. माझ्या वर्गाचा त्या वर्षीचा शब्दसंग्रह तिथूनच आला. काकूंनी मध्येच विचारलं, "आता फी कोण कुणाला देणार?" त्यावर काका म्हणाले, तो करार नापास झाली तर देण्याचा होता.

मी रशियनची जाहिरात करत नाही. 2022 पासून त्या देशाशी पैशाची देवघेवच इतकी अडचणीची झाली की माझी दोन कामं बंद पडली, आणि 'आता रशियनला काही नाही' हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा, तेवढ्याच ठामपणे ऐकलं. जर्मनी आणि जपानला आज माणसं हवी आहेत हे खोटं नाही. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करारच केला. ज्याला परिचर्या शिकून किंवा फिटर होऊन तिकडे जायचं आहे त्याने जर्मन शिकावं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. माझ्याकडे येतात ते दुसरे: बारावी झालेल्या, कुठेच ठरलेलं नसलेल्या मुलांचे आईवडील. ते चार भाषांची यादी वाचून दाखवतात आणि मला त्यांना क्रम लावून द्यायला सांगतात. क्रम मला लावता येत नाही. मी जी भाषा निवडली तिचा देश तीन वर्षांत नकाशावरून गेला होता, तेव्हा दहा वर्षांनी कोणत्या भाषेला काय भाव येईल हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

पण एक मागणं आहे. फॉर्म भरण्याआधी मुलांना प्रत्येक भाषेच्या वर्गात तासभर बसू द्या. भाषा कोणती यापेक्षा फळ्याजवळ कोण उभं आहे ते त्यांना बघू द्या, आणि त्यांच्याबरोबर तुम्ही आत जाऊ नका, बाहेर चहा प्या. बहुतेक शिक्षक बसू देतात, विचारावं लागतं एवढंच. रशियनसाठी माझ्याकडे पाठवायचं असेल तर वर्ग संध्याकाळी सहाला असतो. बसायला फी नाही.